सुयोगचा पहारा

गळ्यात वीणा होती म्हणूनच प्रेमा मटकन खाली बसली नाही.

सप्ताहाचा नियमच तसा. वीणा जमिनीला टेकवायची नाही, नाम थांबवायचं नाही आणि पुढचा माणूस वीणा घ्यायला येईपर्यंत जागा सोडायची नाही. कांदिवलीची त्यांची चाळ पाडून इमारत उभी राहिली, विठ्ठल-रखुमाईची मोठी तसबीर खाली पार्किंगमध्ये, मीटररूमच्या समोर आली. पण गावाहून वाडवडिलांनी आणलेला सप्ताह होता तसाच चालू राहिला. पूर्वी वीणा पुरुषांच्याच गळ्यात असायची. मग पुरुष ड्युटीवरून वेळेत येईनासे झाले आणि दुपारचा पहारा, म्हणजे वीणा घेऊन उभं राहायची पाळी, बायकांकडे आला. प्रेमाला तर सप्ताह म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा सण. बाकीचे दिवस ती पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायची, आणि संध्याकाळी जिथे कीर्तन असेल तिथे चालत जायची. बुवांनी आख्यान लावलं की ती पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यांना पदर लावायची. “प्रेमा आली, आता पाऊस,” म्हणून बायका हसायच्या.

आज टाळकरी मागच्या बाजूला पंगतीला बसले होते. पार्किंगमध्ये ती एकटी. तोंड देवाकडे, पाठ मीटररूमकडे. हलक्या आवाजात नाम, एका बोटाने तार. आणि समोर तसबिरीच्या काचेत, विठ्ठलाने कमरेवर ठेवलेल्या हाताच्या जरा खाली, तिला तिचा सुयोग दिसला.

मीटररूमचं दार अर्धं उघडं होतं, आत ट्यूब जळत होती. सोबत सौरभ होता. आरे कॉलनीतला, गोठ्यावर काम करणाऱ्या राजेशचा मुलगा. सुयोगच्याच वर्गात, बारावीला. दोन वर्षांपासून सप्ताहात पखवाज तोच वाजवायचा. त्याचं बोट फुटलं होतं. सुयोग त्यावर चिंधी गुंडाळत होता.

‘गुणाचं गं पोर,’ असं प्रेमाच्या मनात आलं, तेवढ्यात सुयोगने गाठ मारली आणि त्या बोटावर ओठ टेकवले.

सौरभ हसला नाही, की त्याने हात ओढून घेतला नाही. त्याने सुयोगचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला कपाळ लावलं. दोघे डोळे मिटून तसेच उभे राहिले.

“आई आहे ना रे तिकडे,” सौरभ म्हणाला.

“पाठमोरी आहे. वीणेवाल्याला वळता येत नाही.”

“यार, घरी कळलं ना, वाट लागेल आपली.”

“पप्पांचं माहीत नाही. आईला मीच सांगणारे. ती कीर्तनात कोणासाठीही रडते रे. आधी रडेल, मग चहा टाकेल.”

“आणि मग?”

“मग काय. तुला साखर किती, विचारेल.”

सौरभ आता मात्र हसला. दोघे बाहेर पडले आणि पंगतीकडे गेले. काचेत फक्त मीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला. ती काच आज सकाळी सुयोगनेच वर्तमानपत्राने घासूनपुसून लख्ख केली होती.

प्रेमाचं तोंड नाम घेत होतं. कान बंद झाले होते. तिला भलत्याच गोष्टी दिसत होत्या. खांबाला टेकून ठेवलेली श्रीखंडाची रिकामी बादली. कोणाच्या तरी चपलेचा तुटलेला अंगठा. हे आपण पाहिलं? आपण? तिने पुन्हा काचेत पाहिलं, जणू काच आपले शब्द मागे घेणार होती. विठ्ठल होता तसाच उभा होता. तिला त्याचा रागच आला. तुझ्या समोर, तुझ्याच अंगावर दाखवलंस मला, आणि हात कमरेवरच?

तिला वळून ओरडायचं होतं. पोराच्या दंडाला धरून वर घरात न्यायचं होतं. चंद्रप्रकाशला, तिच्या नवऱ्याला, फोन करायचा होता. आणि लगेच वाटलं, नको, त्याला तर कधीच कळायला नको. पण पाय एका फरशीवर खिळलेले, आणि गळ्यात वीणा. उभं राहण्याखेरीज तिला काहीही करता येत नव्हतं.

पंगत उठली. टाळकरी आले. सौरभ पखवाजाला कणीक लावायला बसला. आणि सुयोग आला. अंघोळ करून, पांढरा झब्बा घालून, कपाळाला गंध लावून. पुढचा पहारा त्याचा होता. जन्मातला पहिला. त्यासाठी त्याने महिनाभर आधीपासून मच्छी सोडली होती, आणि कोकणातल्या पोराने मच्छी सोडणं म्हणजे काही थट्टा नव्हे.

तो समोर आला. हात जोडले, मान वाकवली.

प्रेमाने नकारार्थी मान हलवली.

सुयोग गोंधळला. “आई, माझा नंबर आहे.”

ती नाम घेत राहिली. वीणेची दांडी तिने छातीशी आणखी घट्ट धरली.

“अगो वयनी,” सप्ताहाची व्यवस्था बघणारे म्हातारे गुणाजीकाका पुढे आले, “पोरगो उभो आसा मां. दी तेका.”

तिने पुन्हा मान हलवली.

गुणाजीकाकांनी क्षणभर पाहिलं आणि त्यांचे डोळेच भरून आले. “ऱ्हवांदे. वयनीची समाधी लागली हा. दुसरोय पारो तीच करतली.”

“बघा गं बायांनो!” शेजारची जयंती म्हणाली. “पायांच्या सुजून पुऱ्या झाल्यात, तरी हलत नाही. नाहीतर आम्ही, अर्ध्या तासात घड्याळ बघतो.”

एकामागून एक बायका येऊन प्रेमाच्या पाया पडू लागल्या. प्रेमाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भक्ती कुठली, मी पोराचा हक्क अडवून धरलाय, हे तिला ओरडून सांगावंसं वाटलं. तोंडातून नामच आलं.

सुयोग मुकाट्याने टाळ घेऊन समोर बसला. सौरभने चिंधी बांधलेल्या बोटाने थाप दिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, आणि सम बरोबर पडली. गेली दोन वर्षं ती हे ऐकत आली होती. काय जमतंय पोरांचं, म्हणून कौतुकाने सांगत आली होती. काल बुवांनी देव धावत येऊन भक्ताला उराशी धरतो ते आख्यान लावलं होतं. प्रेम कुठे जात विचारतं, कुठे रूप विचारतं, असं बुवा म्हणाले तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच रडली होती. आता डोळे ठणठणीत कोरडे. दुसऱ्याच्या पोरांवर रडणं किती सोपं होतं.

आणि अचानक तिचं नाम थांबलं.

पुढचा शब्दच सुचेना. आयुष्यभर घोकलेला. तार गप्प झाली. गुणाजीकाकांचं तोंड उघडं पडलं. सप्ताहात नाम तुटणं म्हणजे अघटित. पण ते तुटलं नाही. सुयोगने तिथल्या तिथे ते उचललं, मोठ्याने, आणि सौरभने त्याच्या खाली पखवाज भरला. बाकीच्यांना कळलंही नाही. प्रेमाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शुगरची गोळी सकाळची, पोटात काही नाही. वीणा कलली. भोपळा फरशीच्या दिशेने गेला आणि मध्येच थांबला. सुयोगचा तळहात त्याच्या खाली होता.

“आई, माझं काही चुकलं का?” त्याने हळूच विचारलं. टाळकऱ्यांनी आता नाम धरलं होतं, त्या गजरात ते फक्त तिलाच ऐकू आलं.

तिची नजर तसबिरीकडे गेली. पाठोपाठ त्याचीही गेली. काचेत मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता.

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना तिने पाहिलं. लहानपणी ताप चढताना व्हायचे तसे त्याचे ओठ पांढरे पडले.

“तू बघितलंस?”

तिची नजर काचेवरून हलली नाही.

“मग मला नको देऊस,” तो म्हणाला. आवाज फुटत होता, पण हात भोपळ्याखालून हलला नाही. “काकांना दे. पण तू बस गं आई. पडशील. काही खाल्लं नाहीयेस तू.”

प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं. गंध घामाने ओघळलं होतं. काहीच कळत नव्हतं तिला. उद्या काय, परवा काय, लोक काय, काहीच नाही. एवढंच कळत होतं, की तो स्वतःसाठी काही मागत नव्हता.

तिने गळ्यातला पट्टा काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

आता देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायचं. वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही. सुयोग वाकला, मग ती वाकली. त्याने पाय मागे घेतले.

“आई, नको ना. प्लीज.”

“हलू नकोस,” ती म्हणाली. दुपारपासून नामाखेरीज तिच्या तोंडून निघालेले हे पहिलेच शब्द. “वीणा आहे गळ्यात.”

तिने त्याच्या पायांवर कपाळ टेकवलं. मग रीतीप्रमाणे उराउरी भेट. वीणा मध्ये आली, त्यामुळे जेमतेम खांद्याला खांदा लागला. त्याचं हृदय दांडीवर धडधडत होतं, ते तिला लाकडातून जाणवलं.

“विठ्ठल, विठ्ठल,” गुणाजीकाकांनी डोळे पुसले.

सुजलेल्या पायांनी ती भिंत धरत मागच्या बाजूला गेली. पंगतीच्या चुलाण्याजवळ गॅसची शेगडी होती. तिने भांडं ठेवलं, पाणी ओतलं, पत्ती टाकली. आलं ठेचलं. पार्किंगमधून पोराचा आवाज येत होता. आधी बारीक, अडखळता, मग सावरलेला.

टाळकरी उठून एकेक कप घेऊन गेले. सौरभ पखवाज सोडून येईना. मायलेकांची नजर काचेकडे गेलेली पाहून त्याला कळलं होतं. मान खाली, दोन्ही हात पखवाजावर, शिक्षा ऐकायला बसल्यासारखा. ती कप घेऊन त्याच्यापाशी गेली. त्याच्या उजव्या हाताच्या बोटावर सुयोगच्या जुन्या शाळेच्या शर्टाची निळी चिंधी होती. गाठ नीट बसली नव्हती. तिने कप डाव्या बाजूला ठेवला.

त्याने वर पाहिलं. सतरा वर्षांचं, भेदरलेलं पोर.

तिला खूप काही विचारायचं होतं. तोंड उघडलं.

“साखर किती?”

सौरभच्या घशातून काहीतरी चमत्कारिक आवाज निघाला. समोर वीणा क्षणभर अडली आणि पुन्हा चालू झाली.

प्रेमा उत्तराची वाट पाहत उभी राहिली. रडू अजूनही आलं नव्हतं.