समोरच्याची बाजू

आमच्या इमारतीला एक खोड होती. सभेत मत देण्याआधी प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची. म्हणजे तुम्हाला जिना पिवळा रंगवून हवा असेल, तर आधी उठून तो पांढराच का असावा हे सांगायचं, आणि तेही मनापासून. ही खोड लावली आमच्या ह्यांनी. जन्मभर वकिली केली, निवृत्त झाल्यावर अशील उरले नाहीत, तेव्हा अख्खी इमारतच अशील झाली. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना स्वतःच्याच कुत्र्याविरुद्ध बोलायला लागलं, तर बोलता बोलता ते रडले. आम्ही पोट धरून हसलो आणि कुत्रा ठेवून घेतला. शेजारच्या इमारतींतले लोक आमची सभा बघायला यायचे. गर्व होता आम्हाला, खोटं कशाला बोलू?

मागच्या खोल्यांना पाणी चढत नव्हतं, ते मात्र तसंच राहिलं. तिकडे राहणारा मेकॅनिक दर सभेत पंपाचं काढायचा. आम्ही पंपाच्या दोन्ही बाजू इतक्या सुंदर मांडल्या की पंप घ्यायचा राहूनच गेला. मग शहरात रहिवासी दल निघालं. दलाच्या माणसांनी येऊन एका दिवसात पंप बसवला, आणि मेकॅनिकच्या दंडावर दलाची पट्टी आली. त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही.

पुढं दलानं फर्मान काढलं. इमारतीत बाहेरून आलेलं कुणी असेल, तर त्याला ठेवायचं की काढायचं हे इमारतीनंच सभा घेऊन ठरवावं. काढलेल्याला दलाची गाडी घेऊन जायची. कुठं, ते कुणी विचारत नव्हतं. समोरच्या इमारतीतला शिंपी असाच गेला. त्याचं शिलाईमशीन कितीतरी दिवस फुटपाथवर पडून होतं आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं.

आमच्याकडं बाहेरची एकच होती, तळमजल्यावरची सिस्टर. आईच्या कडेवर बसून या देशात आलेली, आता आईही नाही. दवाखान्यातली ड्यूटी करून दमून यायची आणि तरी निम्म्या इमारतीला फुकट इंजेक्शनं द्यायची. मला काकू म्हणायची, ह्यांना काका.

सभेच्या दिवशी जेवताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, आज एवढी ती समोरची बाजू सोडा. सरळ हात वर करायला सांगा. जास्त माणसं आपलीच आहेत."

"आज सोडली तर इतकी वर्षं ती होती कशाला? सोयीपुरती?"

"खाली गाडी उभी आहे, दिसते ना?"

"म्हणूनच. त्यांनाही दुसरी बाजू मांडावी लागेल. मेकॅनिकला सिस्टरच्या बाजूनं बोलावं लागेल. विचार कर, काय होईल!"

मी विचार केला, म्हणजे ह्यांना सिस्टरच्या विरुद्ध बोलावं लागेल. मी ताट बाजूला सारलं.

भर दुपारी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सगळे जमले. दाराशी दलाचा प्रमुख आणि त्याची दोन माणसं उभी होती. सिस्टर शेवटच्या पायरीवर बसली होती. तिनं बॅग आधीच भरून आणली होती. ती बॅग बघून मला रडू आलं.

ह्यांना कुठलंच काम अर्धवट करता येत नाही, भाजी निवडायला दिली तरी तास लावतात. उठले आणि बोलले. आवाज जरासुद्धा चढवला नाही. म्हणाले, घर विश्वासावर उभं असतं, आणि विश्वास ठेवायचा तर माणसाचं मूळ ठाऊक असावं लागतं. म्हणाले, एकीवर दया करताना आपण सगळ्या घरांची झोप पणाला लावतो, तो हक्क आपल्याला दिला कुणी? शेवटी म्हणाले, भीती वाटणं हा काही गुन्हा नाही.

मी मास्तरांकडं पाहिलं. सकाळपासून खाली असलेली त्यांची मान वर आली होती. ही माणसं लाजेखातर आमच्या बाजूला होती. ह्यांनी ती लाजच काढून घेतली. मला ह्यांचं तोंड दाबावंसं वाटलं, पण तोवर बोलून झालं होतं. प्रमुखानं टाळ्या वाजवल्या.

"आता तुम्ही," हे मेकॅनिकला म्हणाले. चेहऱ्यावर चक्क आशा होती.

मेकॅनिक उठला. "सिस्टरनं माझ्या आईला..." एवढंच बोलला. प्रमुखानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. मेकॅनिकनं दंडावरची पट्टी चाचपली. "मला नाही बोलायचं," म्हणाला आणि खाली बसला. त्याला आमच्याहून जास्त भीती वाटत होती.

"नियमानं बोलावं लागेल," हे म्हणाले.

"नियम तुमचा," प्रमुख म्हणाला. "चला, काढा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात एकेक करून वर गेले. मास्तरांचाही गेला. मेकॅनिकनं डोळे मिटून हात वर केला. राहिलो आम्ही दोघंच.

सिस्टर उठून ह्यांच्यासमोर आली. "काका, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"नाही गं पोरी. त्यातला एक शब्दही माझा नाही."

"मग इतकं चांगलं का बोललात?"

तेवढ्यात प्रमुख हात जोडून पुढं आला. "साहेब, उद्या पलीकडच्या इमारतीत सभा आहे. तिथं हेच बोला. आमच्या पोरांना असं बोलता येत नाही, नुसती आरडाओरड करतात."

"आणि दुसरी बाजू कोण मांडणार?"

"ती कशाला हवी?"

"मग मी येणार नाही."

"कारण?"

कारणं देण्यात ज्याची हयात गेली, त्या माणसानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "कारण नाही. येणार नाही. आणि ही पोरगी आमच्या घरी राहील."

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते 'नको'. मला माझं घर हवं होतं, झोप हवी होती, ह्यांच्यासोबत निवांत म्हातारपण हवं होतं. बाई गं, दुसरीकडं कुठं तरी जा, असं मी मनातल्या मनात म्हणून गेले. तेवढ्यात हे माझ्याकडं वळले.

"तुझं काय मत?"

अशा वेळीसुद्धा!

"मत गेलं खड्ड्यात," मी म्हटलं. "बॅग उचला."

प्रमुखानं आम्हाला अडवलं नाही. "जा," म्हणाला, "मजला माहीत आहे." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आम्ही जिना चढत होतो आणि मागं लोक भराभर आपापल्या घरात शिरून दारं लावून घेत होते. मी दोनदा भलतीच किल्ली कुलुपात घातली. शेवटी सिस्टरनंच दार उघडलं.

आत आल्यावर मी खिडकीतून पाहिलं. गाडी तिथंच होती आणि तिच्यातून आणखी माणसं उतरत होती.

"काका, ते वर येतील का?" सिस्टरनं विचारलं.

"कायद्यानं त्यांना दुसऱ्याच्या घरात..." ह्यांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले. तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"येतील," हे म्हणाले.

मग आम्ही तिघांनी मिळून कपडे भरलेलं लोखंडी कपाट ढकलत दाराला लावलं.