घासून लख्ख केलेलं नाणं

आमचं शहाद्याला भांड्यांचं दुकान. दुकान पुढे, घर मागे. अशा घरात तांबं काळं पडणं म्हणजे पोरगी पळून जाण्याइतकं वाईट. माझे वडील प्रेमचंदशेठ दुसऱ्या कशावर चिडले नसतील तेवढे काळ्या तांब्यावर चिडायचे. काळी कळशी दाखवली की गिऱ्हाईक उठून जातं, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीला लक्ष्मीपुढे मांडायचं तर नाणंसुद्धा लख्ख हवं. घासायचं अर्थात आईनं. शेठ पाटावर बसून बोट दाखवायचे.

त्या नाण्यांतलं एकच तांब्याचं होतं आणि ते आईचं होतं. जाडजूड ढब्बू, एका बाजूला तलवारीसारखी रेघ, दुसरीकडे कुणाला न वाचता येणारी अक्षरं. मारवाडातून लग्न होऊन निघताना तिच्या आईनं ते तिच्या हातात ठेवलं होतं, आणि तिला तिच्या आईनं. आईकडून लेकीकडे, अशीच त्याची वाट. म्हणून आई इतर नाण्यांपेक्षा ते जास्त घासायची. चिंच, मीठ, मग राख, मग पुन्हा चिंच. सासरच्या चांदीच्या नाण्यांत माहेरचं नाणं फिकं दिसू नये, एवढीच तिची हौस.

माझ्या लग्नात ते मला मिळायचं होतं. आईनं काढूनही ठेवलं होतं. पण शेठ म्हणाले, दुकानाच्या लक्ष्मीपुढे पुजलेलं नाणं घराबाहेर जात नाही. आईनं ते परत लक्ष्मीपुढे ठेवलं. मी सुरतेला सासरी गेले ती तशीच. मला राग आला होता, अजून आहे. सोनं कमी दिलं त्याचं मला काही वाटलं नाही, या नाण्याचं मात्र वाटलं.

गेल्या वर्षी वडील गेले. यंदा पावसाळा सरताना आईचा फोन आला. मारवाडातली बाई, पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घरातही अहिराणीच बोलते. म्हणाली, "आते तुन्हा बाप नही शे. यंदा भाऊबीजले ते नाणं तुले देसू." आवाज एवढा खूश की मला रडूच आलं.

हे बोलणं माझ्या भावानं, श्रेणिकनं, ऐकलं. श्रेणिक म्हणजे उडत्या पाखराची पिसं मोजणारा. तोवर त्यानं त्या नाण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पण त्याच रात्री मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला, त्यात असंच तलवारवालं नाणं लाखात गेलेलं, आणि सकाळी नाणं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बँकेच्या लॉकरमध्ये. पी हळद अन् हो गोरी. मी फोन केला तर म्हणाला, ही घरची इस्टेट आहे, भाऊबिजेला वाटायची वस्तू नाही. आईनं एकदा बघायला मागितलं तर तिला सांगितलं की हाताच्या घामानं तांबं खराब होतं, हात लावायचा नाही. जिनं जन्मभर ते सांभाळलं तिच्या हाताला आता घाम सुटला.

दिवाळीच्या आधी तो नाणं घेऊन सुरतेला आला. तिथे जुन्या नाण्यांची पारख करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे मीही सोबत गेले. त्यांनी नाणं कडेला धरून भिंगाखाली घेतलं, तोललं, आणि उलटून दुसरी बाजू पाहिली. मग विचारलं, हे कशानं घासलंत?

श्रेणिकनं अभिमानानं सांगितलं, चिंचेनं, दर दिवाळीला.

त्यांनी नाणं खाली ठेवलं. म्हणाले, तांब्यावर वर्षानुवर्षांचा जो काळसर थर चढतो तो मळ नसतो, तेच त्याचं कवच असतं. चिंचेनं तो जातो, राखेनं अक्षरं जातात. नाणं अस्सल आहे, बहुधा दुर्मिळही, पण ते ज्यावरून ठरतं ते सालच पुसलं गेलंय. आता याचे शंभर-दोनशे मिळाले तर मिळाले. पुढे ठेवायचं असेल तर कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, आणि घासू तर मुळीच नका.

श्रेणिकनं नाणं खिशात घातलं आणि तडक शहाद्याची गाडी पकडली. त्यानं सगळं बोलणं घरासाठी राखून ठेवलं होतं. भाऊबिजेला मी माहेरी गेले तेव्हा आईवर त्याची तोफ सुरूच होती. लाखाची वस्तू राखेत घालवली. अडाणी ती अडाणीच. मी म्हटलं, घासायला लावलं कुणी? तर म्हणाला, बाबा दुकानाच्या मालाबद्दल बोलायचे, अक्कल आपली वापरायची असते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! आणि संन्यासी तरी काही बोलेल की नाही? आई खाली मान घालून करंज्या तळत होती. मधेच तिनं मला हळूच विचारलं, साल खरंच दिसत नाही का?

संध्याकाळी मी श्रेणिकला ओवाळलं. त्यानं खिशातून नाणं काढून ताटात टाकलं. "ले. आईनी इच्छा व्हती ना." लाखाचं होतं तेव्हा इस्टेट होती, दोनशेचं झालं की माझी ओवाळणी.

मला त्याचा अपमान वाटायला हवा होता. पण खरं सांगते, मला आनंदच झाला. कसं का होईना, आलं ना ते माझ्याकडे. मी हात पुढे केला, तेवढ्यात आईनं ताटातून नाणं उचललं.

"ते नको दे तिले," ती श्रेणिकला म्हणाली. "मी घसी घसी वाया घाली दिधं. असं पुसायेल नाणं काय पोरले द्यावानं?"

मी म्हटलं, आई, मला तेच हवंय, मला त्याची किंमत नकोय. तिनं मान हलवली. माझ्याकडे बघेना. कपाटातून नवी साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली, घडी नीट केली आणि पुढे दुकानात गेली. तिथे कोपऱ्यात मोडीची टोपली असते, लोकांनी वजनावर विकलेल्या फुटक्या भांड्यांची. आईनं नाणं त्यात टाकलं. एवढ्या वर्षांत त्या नाण्याला कुणी बोल लावला तरी तिनं कधी ऐकून घेतलं नव्हतं. आता ते वाया गेलं, हे तिचं तिलाच पटलं होतं.

ती झोपल्यावर मी टोपली उपसली आणि ते काढलं. आता ते सुरतेला माझ्याकडे आहे, कोरड्या कागदी पाकिटात, सांगितलं तसं. हळूहळू काळं पडतंय. मुलगी विचारते, हे नानीनं दिलं का तुला. मी हो म्हणते. नानीनं दिलेलं नाही. मी ते मोडीतून उचललंय.