आलेखावरचे चौदा उंचवटे

आमच्या वजनखोलीत श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. दुकानांतली आणि दवाखान्यांतली वजनं खरी की खोटी, हे आम्ही तिथं ठरवतो. तराजू असा नाजूक, की शेजारी माणूस तापला तरी आकडा नाचतो. म्हणून खोली कायम वीस अंशांवर, आणि तिचं तापमान मिनिटामिनिटाला आलेखावर उमटतं. बावीस वर्षं मी तिथं चिमट्यानं वजनं उचलतेय आणि त्या खोलीवर माझा जीव आहे.

गेल्या दोन महिन्यांत मात्र आलेखावर उंचवटे यायला लागले. कधी पाव, कधी अर्ध्या अंशाचे. मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, चौदा उंचवट्यांना लाल गोल केले, कागद दारावर चिकटवला आणि सगळं खापर थंडोबाच्या डोक्यावर फोडलं. थंडोबा म्हणजे आमचा एसीवाला. त्यानं यंत्र पाच वेळा खोललं, पाच वेळा बंद केलं.

"मॅडम, यंत्रात काही नाही हो. आईशप्पथ!"

"मग काय खोलीला ताप येतो?" मॅडम कडाडल्या. "शुक्रवारपर्यंत शोधा, नाहीतर कंत्राट बंद."

ताप म्हटल्यावर मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. मंगळवार, अकरा दहा. अगं बाई! मंगळवारी अकरा दहाला तर मी फाईलनं वारा घेत होते.

पर्समधून वही काढली. डॉक्टरीणबाईंनी लिहायला सांगितलेली. "पाळी कायमची थांबायच्या आधीची ही वर्षं," त्या म्हणाल्या होत्या, "इस्ट्रोजेन शहाण्यासारखं सरळ उतरत नाही, झोके घेतं. मग मेंदूतली तापमान सांभाळणारी जागा हळवी होते. अंग जरासं गरम झालं की तिला वाटतं, आगच लागली. लगेच घाम, धडधड, सगळी धावपळ. कधी होतं ते लिहीत जा, तुमचं वेळापत्रक तुम्हालाच सापडेल." सापडलंही होतं. पाळी लांबली किंवा झोप उडाली की जास्त. गरम चहा ढोसला की हमखास. चिडचिडीचा रकाना नवऱ्यानं आपणहून आखून दिला होता, आणि त्यावरूनही मी चिडले होते.

वही कागदाला लावली. एक जुळला. दुसरा जुळला. पाचव्याला मी फिस्सकन हसले आणि आठव्याला पोट धरून खालीच बसले. आतून वाफ येते म्हणून घरी सांगितलं तर म्हणे तुझ्या मनाचे खेळ! आता घ्या, मिनिटासकट नोंद आहे.

मग हसू आटलं. हे सांगितलं तर माझी वजनखोली सुटणार, मला आवक-जावक लिहायला बसवणार. नाही सांगितलं तर माझ्या घामापायी थंडोबाचं काम जाणार. दोन दिवस मी ती वही पर्समध्ये लपवून हिंडले.

शुक्रवारी थंडोबा हत्यारांची पेटी आवरायला लागला. मॅडमच्या हातात कंत्राट बंद केल्याचं पत्र. मी टेबलावर वही आपटली.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. बिघाड मी आहे."

आणि सगळं सांगून टाकलं, पाळीसकट. थंडोबा छत तपासायला लागला. मॅडम पेन्सिल घेऊन एकेक ओळ जुळवत गेल्या. तेरा जुळले.

"आठ तारखेचा? दुपारी साडेतीन?"

"आठला मी रजेवर होते. दाढ काढली."

थंडोबाचा चेहरा पडला. "म्हणजे एक तरी यंत्राचाच म्हणा की."

"पण खोलीच्या किल्ल्या आपल्या दोघींकडेच असतात," मी म्हणाले. "आठला वजनं कुणी केली?"

बघता बघता मॅडमचा गळा लाल झाला, मग कान, मग कपाळ. हाताशी होतं ते पत्र उचलून त्या जोरजोरात वारा घेऊ लागल्या.

"तो माझा," त्या म्हणाल्या.

"सगळ्यांत उंच आहे, मॅडम," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या, आणि मग अशा खिदळल्या की थंडोबानं घाबरून पेटीच पाडली. हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"अंगात भट्टी पेटली की चिमटा ठेवायचा आणि बाहेर येऊन बसायचं," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "वजनं पळून जात नाहीत. थंडोबा, दाराबाहेर पंखा लावा. मोठा."

"आणि दोन खुर्च्या," मी म्हणाले.

"पण मॅडम, माझं पत्र?"

मॅडमनी हातातल्या पत्राकडे पाहिलं. घामानं त्यांची सही पार पसरली होती.