बेबी ऑस्टिनचं जेट

मुलांनो, आधी माझ्याबरोबर मनात एक गाडी उभी करा. हल्लीच्यासारखी लांबरुंद नको. टप मोठ्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढाच, चाकं सायकलच्या चाकांहून थोडी जाड, आणि पुढे वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे. आत चार माणसं बसली की मागच्यांचे गुडघे हनुवटीला टेकतात. रंग एके काळी हिरवा असावा. आली डोळ्यांसमोर? आता तिला उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, एका मोठ्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवा. बॉनेट उघडं आहे आणि त्यात कमरेपर्यंत वाकलेली एक मुलगी आहे. आपल्याला तिच्या दोन वेण्या आणि तेलाचे डाग पडलेला परकर एवढंच दिसतंय.

ती जयू. वय दहा. आणि गाडी बेबी ऑस्टिन.

साल एकोणीसशे छप्पन्न. आपलं उज्जैन तेव्हा मध्यभारत नावाच्या राज्यात होतं. पण नोव्हेंबरपासून ते राज्य राहणार नव्हतं. आजूबाजूचे प्रांत एकत्र करून नवा मध्यप्रदेश व्हायचा होता आणि त्याची राजधानी भोपाळ. जयूचे बाबा मधुकरराव सरकारी कचेरीत कारकून होते, त्यांनाही भोपाळला जायचा हुकूम आला होता.

ही गाडी त्यांच्याकडे कशी आली, ते सांगतो. संस्थानं विलीन झाली तेव्हा गावात काही छोट्या मोटारी मालकांवाचून राहिल्या. कोणी साहेब विलायतेला निघून गेला, कोणा जहागीरदाराला पेट्रोल परवडेना. गाड्या तबेल्यांत पडून राहिल्या, त्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मधुकररावांसारख्या काही हौशी लोकांनी त्या उचलून आणल्या. त्यांच्यात भय्यासाहेब होते, ज्यांचे पणजोबा शिंद्यांच्या दरबारात होते आणि ज्यांच्याकडे अगदी अशीच दुसरी बेबी ऑस्टिन होती. आणि शाळेत विज्ञान शिकवणारे श्रीपादकाका होते. रविवारी सकाळी सगळे कडुनिंबाखाली गोणपाट पसरून बसत आणि गाड्या खोलत. गल्लीतले लोक त्यांना ‘कबाडी मंडळ’ म्हणून हसत. मग मंडळीही स्वतःला तेच म्हणू लागली.

या मंडळाचे दोन नियम होते. पहिला, जो भाग ज्याने खोलला, तो त्यानेच साफ करून परत बसवायचा. दुसऱ्याने सांगायचं, दाखवायचं, पण हात लावायचा नाही. लहान-मोठा हा भेद त्यात नव्हता, आणि म्हणूनच जयू त्यात होती. दुसरा नियम चढणीचा. गाडी दुरुस्त झाली असं कोणी म्हटलं, की ती राम घाटाकडे उतरवायची, शिप्रेचं पाणी पुढच्या चाकांवर शिंपडायचं आणि हरसिद्धीच्या देवळाकडे वर चढवायची. चढताना कोणी धक्का दिला, तर गाडी दुरुस्त नाही. परत कडुनिंबाखाली.

आता मधुकररावांपुढे प्रश्न पडला, गाडीचं करायचं काय. श्रीपादकाका भाड्याच्या दोन खोल्यांत राहत, भय्यासाहेबांच्या अंगणात त्यांचीच गाडी कशीबशी मावे. मधुकररावांनी भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. जयूने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. शेवटी त्यांनी तिला जवळ बसवून समजावलं, की गाडी त्यांनाही प्रिय आहे, पण इथे ती चालते ती या माणसांमुळे. भोपाळला कोण आहे? तिथे ती एकदा बसली की बसलीच. दारात गंजताना रोज बघण्यापेक्षा आत्ताच गेलेली बरी.

"आणि राम घाट चढली तर?" जयूने विचारलं.

मधुकरराव म्हणाले, दसऱ्याला चढली, तर स्वतः चालवत भोपाळला नेईन.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासतात. जयूची आई रजनीताई अंगणात समया घासत बसली होती. जयूने विचार केला, आपल्या गाडीतही पितळ आहे. तिने कार्ब्युरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा यांची मिसळ होऊन इंजिनात जाते, ती या डब्यातून. त्यात जेट नावाचा बोटाच्या पेराहूनही लहान पितळी तुकडा असतो. त्याला आरपार एक बारीक भोक असतं आणि पेट्रोल तेवढ्याच भोकातून यायचं असतं. जयूने जेट चिंचेने घासून सोन्यासारखं लखलखीत केलं. भोकाच्या कडेला काळपट किटण दिसलं, म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली दाभण घेतली आणि भोकात घालून चांगली गोल गोल फिरवली. किटण निघालं. तिने जेट देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं आणि परत बसवलं.

दसऱ्याला झेंडूची माळ घालून गाडी निघाली. घाटापर्यंत उतारच होता, त्यामुळे ती मजेत गेली. चाकांवर पाणी शिंपडलं. गाडी वळवून मधुकररावांनी चढण धरली आणि थोडं वर जाताच मागून काळाकुट्ट धूर निघू लागला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. घाटावरच्या पंड्यांनी तोंडावर उपरणी धरली.

रमजू तांगेवाल्याने दोरी लावून गाडी फ्रीगंजपर्यंत ओढून आणली. वाटेत टॉवर चौकात ओळखीचा कोणी भेटला, की तो मोठ्याने सांगे, "हमारी घोड़ी पिटरोल नहीं पीती, साहब. बस चना खाती है और मोटर खींचती है." मधुकरराव समोर बघत स्टिअरिंग धरून बसले होते.

कडुनिंबाखाली श्रीपादकाकांनी प्लग काढून दाखवला. तो काजळीने काळा झाला होता. म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येत होतं. उतारावर कळलं नाही, कारण तिथे इंजिनाला जोर लावावा लागला नव्हता. चढणीवर जास्त ओढ बसली आणि इंजिन पेट्रोलनेच गुदमरलं. ते एवढं बोलले आणि जयूला आपण काय केलं ते कळलं. दाभण टोकाला बारीक आणि वर जाड असते. फिरवली की ती कानस होते.

तिने कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. कोणी रागावलं नाही. भय्यासाहेब उलट हसले आणि म्हणाले, त्यांनी स्वतः एकदा गिअरच्या तेलात तीळतेल घातलं होतं आणि गाडीला आठवडाभर संक्रांतीचा वास येत होता. मग ते उठून आपल्या गाडीकडे गेले.

"देखो बेटा, माझं जेट काढून देतो. तेच माप आहे. माझी गाडी कुठे जातेय? खड़ी रहेगी."

जयूने बाबांकडे बघितलं. तिला त्यांचं आधीचं बोलणं आठवत होतं.

"नको," ती म्हणाली. "भोपाळला अडलं तर मी कोणाचं काढू?"

मग तिने बाबांकडे कोजागिरीपर्यंतची मुदत मागितली. सामानाचा ट्रक त्यानंतरच यायचा होता. मधुकररावांनी मान हलवली, पण भंगारवाल्याला नको म्हणून निरोप काही धाडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की जयू कडुनिंबाखाली येई. हात न लावायचा नियम श्रीपादकाकांनाही होता. ते समोर स्टुलावर बसत आणि चुकून पुढे होऊ नयेत म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवत. त्यांनी सांगितलं ते असं: भोक मोठं झालं ते लहान करता येत नाही. ते आधी डाख देऊन पूर्ण बुजवायचं आणि मग नवं पाडायचं. डाख म्हणजे भांड्याला भेग पडली की वितळवून भरतात तो मऊ धातू. भोक नेमकं केवढं हवं, ते कुठे लिहिलेलं त्यांच्यापैकी कोणाकडे नव्हतं. पण भय्यासाहेबांचं जेट शाबूत होतं. त्यातून जी तार घट्ट जाईल, ते माप.

भय्यासाहेबांनी घरून सतारीच्या सुट्या तारांची पुडी आणली. जयू एकेक तार घालून बघू लागली. एक आत खुळखुळली, एक शिरेचना. एक मात्र किंचित दाबल्यावर सरकन पार गेली. भय्यासाहेबांनी सुस्कारा सोडला. "सतार तर मला कधी आली नाही. चलो, तार काम आ गई."

जयूने डाख वितळवून भोक बुजवलं. आईने मोडकी सुई दिली आणि बजावलं, की दाभणीला पुन्हा हात लावायचा नाही. सुईचं टोक जयूने दगडावर घासून चपटं केलं, लाकडी मुठीत बसवलं आणि ते दोन बोटांत फिरवत भोक पाडायला घेतलं. संध्याकाळपर्यंत भोक पडलं. तार घातली तर खुळखुळली. घाई झाली होती.

ती हमसून रडली, तशीच नाक पुसत तिने डाख पुन्हा वितळवला. पुढच्या खेपेला भोक तिरकं गेलं. तेही बुजवलं. श्रीपादकाका एवढंच म्हणाले, "तीन वेळा फिरव, एकदा तार घालून बघ. बघण्याचा कंटाळा केलास की झालं." तिने तसंच करायला घेतलं. बोटांना फोड आले, तेव्हा चिंधी गुंडाळली.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मधुकरराव कचेरीतून आले, ते खोक्यांना ठोकायचे खिळे शोधत कडुनिंबाखाली पोचले. जयू जेट उन्हाच्या तिरिपेत धरून एक डोळा मिटून बघत होती. त्यांनी विचारलं, किती राहिलं. तार अजून अडते, ती म्हणाली. कसली तार, त्यांनी विचारलं. मग तिने त्यांना सगळं समजावलं. तार कशाची, डाख का, दाभण वर जाड असते म्हणून काय होतं. बोलता बोलता तिने मूठ तीनदा फिरवली आणि तार घातली. तार किंचित अडली. जयूने हलकेच दाबलं, तशी सरकन पार गेली.

मधुकररावांनी ते जेट हातात घेऊन उन्हात बराच वेळ बघितलं. खिळे न घेताच ते घरी गेले.

कोजागिरीला दुपारी गाडी पुन्हा राम घाटाकडे उतरली. मागोमाग रमजूचा तांगा, दोरीसकट. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. चाकांवर पाणी शिंपडून मधुकररावांनी गाडी वळवली. जयू शेजारी बसली होती, कान इंजिनाकडे लावून. पहिला टप्पा गाडी नीट चढली. धूर नव्हता. वळणाशी एक बैलगाडी आडवी आली आणि मधुकररावांना थांबावं लागलं. आता उभ्या चढणीवर थांबल्या जागेवरून उचलायचं होतं. त्यांनी क्लच सोडला. गाडी थरथरली, बोटभर मागे सरली आणि इंचाइंचाने पुढे निघाली.

तेवढ्यात एक धिप्पाड यात्रेकरू, खांद्यावर गाठोडं घेतलेला, दयेने पुढे आला आणि मागच्या बाजूला टेकवायला त्याने दोन्ही हात पसरले. जयू दारातून अर्धी बाहेर वाकली.

"बाबाजी, हाथ मत लगाना. गाड़ी हमारी है, इसे खुद चढ़ने दो."

तो माणूस दचकला आणि हात तसेच हवेत धरून गाडीमागून चालत राहिला, जणू लहान मूल चालायला शिकतंय. भय्यासाहेब आणि श्रीपादकाका त्याच्या दोन बाजूंनी चालत होते, हात पाठीमागे घट्ट बांधून. इंजिनाचा आवाज जड झाला, पण खोकला आला नाही. हरसिद्धीच्या दाराशी रस्ता सपाट झाला, तशी गाडी हलकी झाली आणि पुढे धावली.

मधुकररावांनी ती बाजूला उभी केली. रमजूने दोरी गुंडाळून सीटखाली टाकली. मधुकरराव त्याला म्हणाले, जाता जाता भंगारवाल्याकडे थांब आणि सांग, गाडी विकायची नाही.

आठवडाभराने बेबी ऑस्टिन देवास, आष्टा, सीहोर करत भोपाळला पोचली. वाटेत दोनदा पाणी घालावं लागलं, एकदा चाक बदललं. मिळालेलं क्वार्टर नवं होतं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता. शेजारी कोणी रीव्याचे, कोणी नागपूरचे, कोणी ग्वाल्हेरचे. सगळ्यांचं सामान अजून बांधलेलं आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. क्वार्टरांसमोर एक बाभळीचं झाड होतं.

पहिल्या रविवारी सकाळी मुलं आपापल्या दारांतून त्या लहानशा गाडीकडे बघत उभी होती. जयू बाहेर आली. तिने बाभळीखाली उज्जैनहून आणलेलं गोणपाट पसरलं, गाडीचं बॉनेट उघडलं, आणि गोणपाटाच्या एका कडेला सरकून बसली. उरलेली सगळी जागा तिने मोकळी ठेवली.