टाकीचं झाकण

धाकट्याने पान्याने बॅटरीची तार सोडवली आणि तो बॉनेटला टेकून उभा राहिला. केस पिकले तरी ताईने ठेवलेलं हे नाव गल्लीत चिकटलं ते चिकटलंच, आणि टॅक्सी चालवणाऱ्या माणसाला त्याहून मोठं नाव लागतही नाही. थोड्या वेळाने त्याने तार परत जोडली, गाडी सुरू केली. इंजिनाचं चित्र असलेला तो पिवळा दिवा विझला होता. दुपारपर्यंत तरी तो तोंड वर काढणार नव्हता.

मेकॅनिकने त्याला बजावून ठेवलं होतं. दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश चालव, पण गाडी लवकर घेऊन ये. लुकलुकायला लागला तर आहेस तिथे थांब. तार काढून दिवा विझतो, बिघाड जात नाही. धाकट्याला सगळं पटत होतं. पण मेकॅनिकला गाडी चार दिवस ठेवून घ्यायची होती, आणि ताईचं डायलिसिस एक दिवसाआड असायचं.

मागे एकदा त्याने तिला दुसऱ्या टॅक्सीने पाठवलं होतं. परतताना तिला उलटी झाली. त्या ड्रायव्हरने भर रस्त्यात गाडी थांबवून तिलाच सीट पुसायला लावली. आई गेल्यावर जिने स्वतःचं लग्न बाजूला ठेवून धाकट्याला वाढवलं, ती परक्याची सीट आपल्या रुमालाने पुसत होती. त्या दिवसापासून ताई बसेल ती आपल्याच गाडीत, हे त्याने मनाशी पक्कं केलं. दिवा तिच्या नजरेला पडला असता तर गाडीला त्रास नको म्हणून ती घरीच बसून राहिली असती. स्वभावच तसा तिचा.

ताई जिना उतरून आली, मागे बसली आणि समोरच्या घड्याळाकडे पाहून हसली. तार काढली की ते घड्याळ बारावर येऊन बसायचं.

"तुझ्या गाडीचे रोज बारा वाजलेले असतात," ती म्हणाली. तोही हसला.

पूल जवळ आला तसा गाडीने आचका दिला. दिवा लागला आणि लुकलुकू लागला. पुलाच्या तोंडाशी कडेला जागा होती, रिकाम्या टॅक्सीही जात होत्या. पण पूल उतरला की समोर हॉस्पिटलच. धाकट्याने पाय आणखी दाबला.

"तो दिवा कसला रे?"

"काही नाही गं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं असेल."

"मग लाव की घट्ट."

"पोचल्यावर लावतो."

अरुंद पुलाच्या मध्यावर गाडी बंद पडली. मागे वाहनं तुंबली, पुढून कुणाला येता येईना, आणि ताईला तर चार पावलं चालवत नव्हती. ओढून नेणारी गाडी आली तोवर दुपार उलटली होती. हॉस्पिटलात तिचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावलं होतं. नर्सने तिची चौकशी केली, उद्या सकाळी पहिला नंबर देते म्हणाली. बरं वाटतंय, ताईने सांगितलं. दम लागत होता, तो तिने कुणाला कळू दिला नाही. लपवण्यात दोघं भावंडं सारखीच. पहाटे तिच्या छातीत पाणी भरलं आणि सकाळचा नंबर तसाच राहिला.

धाकट्याला कुणी बोल लावला नाही. डॉक्टरही म्हणाले, दुखणं जुनंच होतं. त्याने मान डोलावली. पण पुलाच्या तोंडाशी असलेली ती मोकळी जागा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग त्याने गाडी मेकॅनिकच्या ताब्यात दिली. ती चार दिवस गॅरेजमध्ये राहिली आणि तो ताईच्या जिन्यावर बसून राहिला. कुठे जायचंच नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी, एका प्रवाशाला घेऊन जाताना दिवा पुन्हा लागला. या खेपेला लुकलुकत नव्हता. तरी धाकट्याने लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, वैतागलेल्या प्रवाशाला दुसरी टॅक्सी करून दिली आणि मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने बॉनेट उघडून सगळं तपासलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि त्याला हसू आलं.

"टाकीचं झाकण सैल राहिलंय. एवढ्यासाठी थांबलास होय?"

झाकण पिळून, दिवा एक-दोन दिवसांत आपोआप जाईल असं सांगून तो निघून गेला. धाकटा गाडीच्या मागे गेला. झाकण घट्टच होतं. त्याने ते पुन्हा एकदा पिळलं आणि हात तसाच त्यावर ठेवला.

"लावलं गं," तो म्हणाला.