पायपेटीची सवत

मी शिलाई मशीन बोलतेय. पायानं चालवायची, काळ्या अंगाची, सोनेरी वेलबुट्टी केव्हाच पुसली गेलेली. माझी बाई गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्याबद्दल सगळे भरभरून बोलले म्हणे. तिच्या पायपेटीचं तर कौतुक संपता संपेना. माझं नाव मात्र एकानंही काढलं नाही.

लग्नाच्या वर्षी नवऱ्यानं तिला मला घेऊन दिलं. पहिल्याच दिवशी तिनं मला तेल घातलं, फडक्यानं पुसलं, आणि मला वाटलं, आता ही माझी. रविवार आला तेव्हा कळलं की चर्चमध्ये गीतांच्या साथीला एक पायपेटी आहे, पायानं भाता हलवून वाजवायची, आणि हेच पाय तिथंही चालतात. तेव्हा माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून होतोच आहे.

बरं, घरी तरी ती पुरती माझी असावी? शनिवारी संध्याकाळी माझ्यापुढं बसून ती उद्याची गीतं गुणगुणायची, आणि पायही त्याच तालात. एकदा असंच एक गीत रंगात आलं आणि तिनं पाळकसाहेबांच्या नव्या झग्याची बाही मनगटाशी शिवून बंद केली. आशीर्वाद द्यायला त्यांनी हात वर केला, तर हात बाहेरच येईना. घरी आल्यावर हसून हसून ती नवऱ्याला म्हणाली, "मशीन जुनी झालीय हो." मन त्या पेटीत, चूक हिची, आणि बोल मला.

अख्खी वस्ती तिला मावशी म्हणायची. बाप्तिस्म्याचे झगे, गाणाऱ्या मुलांचे अंगरखे, आजाऱ्यांच्या उशांचे अभ्रे, ज्यांचं कोणीच नाही त्यांच्या शवपेटीचं पांढरं अस्तर, सगळं आम्ही दोघींनी शिवलं. कोणीही दाराशी यावं, एवढं करून द्या म्हणावं, आणि हिनं हातातलं काम बाजूला ठेवावं. ते बाजूला पडलेलं काम बहुतेक वेळा तिच्या लेकीचा फ्रॉक असायचा. लेकीचे फ्रॉकही दुसऱ्यांच्या कापडातल्या उरलेल्या तुकड्यांचे. ती पोर माझ्या चाकाशी बसून मुसमुसायची, आई सगळ्यांची आहे, माझी सोडून. त्या घरात माझं दुखणं तिला एकटीलाच कळत होतं.

पुढं नवरा गेला, मग बाईची नजर गेली. सुईत दोरा ओवता येईना, तशी ती माझ्यापाशी बसेनाशी झाली. पेटीवर मात्र दर रविवारी कोणाचा तरी हात धरून जायचीच. तिथं डोळे नसले तरी भागतं ना. ते दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत.

मग तीही गेली. तिच्या शवपेटीचं अस्तर दुकानातून तयार आणलेलं होतं. त्याचे टाके वाकडे होते. मी तिथंच भिंतीशी उभी होते, पण मला कोणी विचारलं नाही.

नंतर महिला मंडळाच्या बायका आल्या. चर्चमधला शिवणवर्ग तिनंच सुरू केलेला, त्यासाठी त्यांना मी हवी होते. पायपेटीशेजारी भिंतीला जागा आहे म्हणाल्या. म्हणजे उरलेलं आयुष्य सवतीच्या मांडीला मांडी लावून काढायचं.

लेक शांतपणे म्हणाली, "आई तुम्हाला जन्मभर दिली. मशीन देणार नाही."

मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

आता मी तिच्या बैठकीच्या खोलीत आहे. अंगावर विणलेला रुमाल, त्यावर कुंडी. तिला शिवता येत नाही. शिकवायला आईला कधी सवडच झाली नाही. कधी कधी ती कुंडी उतरवते, पाय ठेवून बघते. चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो, आणि ती तशीच बसून राहते. आम्ही दोघी जिंकलो, आणि दोघींच्या हाती काही लागलं नाही.

पोरी, मला देऊन टाक त्यांना. तूही ये त्या वर्गात, शीक. तुझा हेवा मला कळतो, माझाही गेलेला नाही. पण तुझ्या आईचा उजवा पाय आधी पडायचा, डावा किंचित रेंगाळायचा, हे मला पाठ आहे, आणि माझ्याखेरीज जगात ते फक्त त्या पेटीला पाठ आहे. मी तिच्याशी लगेच बोलणार नाही, हे सांगून ठेवते. पण रविवारी परके पाय तिला चालवायला लागले की तिलाही माझ्याइतकंच दुखेल, आणि तेव्हा मला तिच्या शेजारी असायचंय.