यंत्राची वाचा

गंधाली मुलुंडच्या घरी बसून ज्या संगणक-प्रणालीचे काम पाही, तिची प्रत्येक नवी आवृत्ती लोकांच्या हाती जाण्यापूर्वी स्वयंचलित परीक्षेतून जात असे. कोऱ्या यंत्रावर ती चढवली जाई, यंत्र पुन्हा सुरू होई, आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्ट मानवी हाताशिवाय तपासली जाई. त्या सकाळी एकच परीक्षा अनुत्तीर्ण झाली : अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज सुरूच झाला नाही.

गोरेगावच्या कचेरीतून गटप्रमुख मिहिरचा फोन आला. परीक्षेचे यंत्र आभासी असते, खऱ्या संगणकावर असे होणार नाही. तेवढी परीक्षा वगळून आवृत्ती सोडावी, असे त्याचे म्हणणे होते.

"वगळणार नाही," गंधाली म्हणाली.

"अगं, तो आवाज वापरणारी टाळकी किती? त्यांच्यासाठी सगळ्यांना अडवतेस?"

"त्यातलं एक टाळकं माझ्या शेजारी बसलंय."

ते तिचे वडील, सीतारामराव. दृष्टी गेल्यावर त्यांनी कानांनी वाचण्याची विद्या नव्याने संपादन केली होती. सोसायटीचे चिटणीसपद त्यांनी सोडले नव्हते. सोसायटीची पत्रे ते स्वतःच टंकत, स्वतःच तपासत. खराच संगणक हवा असेल तर माझा घ्या, असे त्यांनी शांतपणे सुचवले. आज सभेची सूचना काढायची आहे, याची गंधालीने आठवण करून दिली; त्यांनी ऐकले नाही.

आवृत्ती चढली. यंत्र पुन्हा सुरू झाले. सीतारामरावांनी कळांवर बोटे ठेवली आणि फोन संगणकाजवळ धरला.

"काका, काही ऐकू येत नाही," मिहिर म्हणाला.

"तेच ऐक. तू ही आवृत्ती सोडलीस, की आम्हाला एवढंच ऐकू येणार आहे."

मिहिर म्हणाला, "थांबवतो. पण वरच्यांशी तूच बोल, गंधाली."

"बोलेन ना. ज्याला परीक्षा वगळायची असेल, त्याने आपल्या नावाने वगळावी, एवढंच बोलेन."

फोन ठेवून ती जुनी आवृत्ती परत चढवू लागली, तेव्हा वडिलांनी तिचा हात अडवला. दुरुस्त झालेली आवृत्ती प्रथम याच यंत्रावर बोलली पाहिजे, तोवर हे असेच राहील, असे त्यांनी सांगितले. मग केवळ बोटांच्या स्मरणावर त्यांनी सूचना टंकली आणि खुर्ची किंचित बाजूला सारली.

"आज वाचून तू दाखव," ते म्हणाले. "आजच्यापुरतंच."